भिंतीला उडदाची डाळ

दादऱ्यात शनिवार-रविवारी जी गर्दी होते ती इतिहासासाठी होत नाही. वापीकडून येणाऱ्या गाड्या गुजरातची हद्द ओलांडतात, चालवणाऱ्यांचे चेहरे खुलतात, आणि दारूबंदीच्या राज्यातली अतिशय सभ्य माणसं रस्त्याकडेच्या हॉटेलांत घाईघाईने शिरतात. कुटुंबवत्सल असतात ती वनगंगेच्या बागेत जाऊन तळ्याकाठी फोटो काढतात. पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या राज्याला 1954 साली पहिलं भगदाड याच गावात पडलं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. कुणीतरी सांगायला हवं, असं मला निवृत्तीनंतर फार वाटू लागलं. यार्नच्या कारखान्यात उभा जन्म हिशेब लिहिलेल्या माणसाला एकाएकी इतिहासाबद्दल काही वाटू लागलं की घरच्यांनी सावध व्हायचं असतं. आमच्या घरात तेवढी सावधगिरी कोणी बाळगली नाही.

हिशेबनिसाच्या नजरेने पाहिलं तर आमच्या प्रदेशाचा इतिहास म्हणजे एक लांबलेला भरपाईचा दावा आहे. मराठ्यांच्या आरमाराने 1772 साली ‘सांताना’ नावाच्या पोर्तुगीज जहाजाचं नुकसान केलं. पोर्तुगीज भरपाई मागत राहिले. 1779 च्या तहात पेशव्यांनी वर्षाला बारा हजार रुपये महसुलाची गावं तोडून द्यायचं मान्य केलं, आणि प्रत्यक्ष द्यायला पुणेरी शिस्तीने आणखी काही वर्षं लावली: 1783 मध्ये नगर हवेली गेली, 1785 मध्ये दादरा. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात 1960 साली निकाल लागला तेव्हा न्यायाधीशांनी जुने कागद चाळून सांगितलं की मराठ्यांनी दिला होता तो वसुलीचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. ती नोंद मालकीच्या खात्यावर सरकली ती इंग्रजांच्या काळात. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत एवढी मोठी एन्ट्री कधी सापडली नव्हती.

आणि मग 1954. 21 जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हास आणि वामन देसाई यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या मूठभर लोकांनी दादऱ्याच्या पोलीस चौकीवर चाल केली. फौजदार आनिसेतो रोझारिओ त्यात मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी गाव मुक्त झालं. पाठोपाठ नरोली, आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. त्या मोहिमेत आझाद गोमंतक दलाचे आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण होते: राजा वाकणकर, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे आणि चक्क सुधीर फडके. पैसा उभा करायला पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. साम्राज्य उलथायचं म्हणून आधी गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा, हे मराठी माणसालाच सुचतं. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे हटला आणि 11 ऑगस्टला शरण आला. त्यानंतर सात वर्षं वरिष्ठ पंचायतीने इथला कारभार चालवला. 1961 मध्ये विलीनीकरणाच्या करारावर जवाहरलाल नेहरूंच्या समोर सही करायला कुणीतरी पंतप्रधान हवा म्हणून के. जी. बडलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान करण्यात आलं. आमच्या सोसायटीत माजी खजिनदारसुद्धा दारावर पाटी लावतात, त्यामुळे मला या गोष्टीचं विशेष अप्रूप आहे.

पण हे सगळं घडलं कुठे? चौकीत, कचेरीच्या पडवीत, एखाद्या कौलारू खोलीत. ना बुरूज, ना तट, ना दरवाजावर शरभ कोरलेला. प्राचीन स्मारकांचा 1958 चा केंद्रीय कायदा वास्तूला निदान शंभर वर्षांचं वय मागतो. चौकीची एखादी भिंत तेवढी जुनी असेलही, पण तिचं मोल ज्या रात्रीमुळे, त्या रात्रीला शंभर वर्षं पुरी व्हायची 2054 साली. तोवर अशा भिंतींनी स्वतःच्या जबाबदारीवर उभं राहायचं. राहिल्याच, तर मग सरकार त्यांचं रक्षण करणार. मुंबईने 1995 मध्ये देशातली पहिली वारसा नियमावली केली, इमारतींना श्रेणी लावल्या, त्यामुळे तिथे निदान भांडायला कागद आहे. आमच्याकडे भांडायला मी होतो.

माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर एक बेवारस कौलारू इमारत आहे. लोक तिला नुसतंच ‘जुनी कचेरी’ म्हणतात. नेमकं ठिकाण सांगत नाही. सांगितलं तर तिच्यावर आणखी कुणीतरी प्रेम करायला जाईल, आणि तिने एकदा माझं प्रेम सोसलं आहे. जोतं काळ्या दगडाचं, भिंती विटांच्या, वर चुन्याचा गिलावा, तोही खालच्या दोन-तीन फुटांत सुटलेला. छपराच्या एका कोपऱ्यात पिंपळाने बस्तान बसवलेलं. पडवीच्या खांबांना शेळ्या बांधलेल्या. मी तिच्या जतनासाठी अर्ज केला. कोणत्या कार्यालयात, ते विचारू नका. मला अजून तिथून काही दाखले घ्यायचे आहेत. कार्यालय शहरातलं, इमारत आमच्या बाजूची, तेव्हा हद्दीचा प्रश्न आलाच. पण तो आमच्याकडे 1779 पासून आहे.

अर्जात मी राज्यघटनेचं कलम 51-अ घातलं. आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचं मोल जाणणं आणि तो जतन करणं हे त्यात नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. कलम 49 पण घातलं, त्यात स्मारकं राखण्याचं कर्तव्य राज्याचं आहे. अशी दोन्ही कर्तव्यं एका टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसली.

“वयाचा दाखला?” टेबलापलीकडच्या कर्तव्याने विचारलं.

“माझ्या?”

“इमारतीच्या. तुम्ही लिहिलंय जुनी आहे. आम्ही कशावरून मानायचं?”

“अहो, समोर दिसतेय की ती.”

“पेन्शनसाठी तुम्हीपण समोर दिसताच, काका. तरी दरवर्षी हयातीचा दाखला देता ना?”

यावर मला काही सुचलं नाही. सुचतं नेहमी घरी आल्यावर, आणि तेव्हा ऐकायला समोर फक्त ही असते. ही शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली तरी तिच्यातली शिक्षिका निवृत्त झालेली नाही, आणि घरातला एकमेव विद्यार्थी मी आहे.

दाखल्यासाठी मी आधी चहाच्या टपरीवरच्या वडीलधाऱ्यांना गाठलं. एकजण म्हणाले, माझ्या आज्याने त्या जोत्याचे दगड वाहिले. दुसरे म्हणाले, छे, ती मुक्तीनंतरची, वरिष्ठ पंचायतीच्या वेळची. मी बांधताना पाहिलीय. तिसऱ्यांनी बराच वेळ आठवून चहाचे पैसे कोण देणार ते विचारलं. मौखिक इतिहासाची ही अडचण आहे की साक्षीदार जिवंत असतात. मग मी भौतिक पुराव्याकडे वळलो. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो हे मला ठाऊक होतं. केबलवाल्याकडून शिडी मागून घेतली आणि एका दुपारी, रस्त्यावर कोणी नाही असं पाहून, इतिहासावर चढलो.

कौलं एकमेकांत अडकवून रचलेली असतात. त्यांतलं मधलं एक ओढलं की वरच्या सगळ्यांना खाली यायची परवानगी मिळते. हे वाक्य मला आता लिहिता येतं. तेव्हा मी फक्त हातातलं कौल पाहत होतो. त्यावर बासेल मिशनचा शिक्का होता आणि खाली साल होतं: 1865! मी शिडीवरूनच ओरडलो. पाठोपाठ वरची अख्खी ओळ घसरत येऊन पडवीपुढे फुटली. शेळ्या दोरी ताणून माझ्याकडे बघत राहिल्या. जतनाच्या मोहिमेतलं पहिलं नुकसान अशा रीतीने जतन करणाऱ्याच्या हातून झालं, आणि इतिहासात सापडलेल्या सालाच्या आनंदात मला त्याचं काही वाटलंही नाही.

घरी आल्यावर हिने कौल उलटसुलट करून पाहिलं.

“कारखाना कधी निघाला त्याचं साल आहे हे.”

“कशावरून?”

“हिंगाच्या डबीवरही साल असतं. म्हणून आमटीत आजोबांच्या वेळचं हिंग पडत नाही.”

तिचंच खरं होतं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो 1865 मध्ये, आणि ते साल पुढे कित्येक वर्षं कौलांवर उमटत राहिलं. म्हणजे माझ्या हातातलं कौल 1865 नंतर केव्हाही केलेलं असू शकत होतं. हिशेबाच्या भाषेत याला पुरावा म्हणत नाहीत. तरी मी ते घेऊन कार्यालयात गेलो, निदान चर्चा होईल म्हणून. चर्चा झालीच नाही. समोरच्या माणसाने साल वाचलं, प्रसन्न हसला, कौलाच्या पाठीवर खडूने आवक क्रमांक घातला आणि दोऱ्याने ते फाइलीला बांधून टाकलं. मी प्रामाणिकपणे सांगायला गेलो की हे साल इमारतीचं नाही, कारखान्याचं आहे. तो म्हणाला, “आता आवक झालंय, काका.”

अशी माझी फाइल वजनदार झाली. खरोखरच झाली, ती एका हाताने उचलता येईना आणि म्हणून कुणी ती इकडची तिकडे करीना.

फाइल हलायची वाट पाहत कार्यालयाच्या बाकावर मी बरंच वाचन केलं. नगरपालिकांनी काय काय करायचं याची यादी राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने ती आली. अठरा कामं आहेत. वारसा हा शब्द त्यात सरळ येत नाही. तो असला तर तेराव्या कामात दडलेला आहे, सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं. चौदावं काम स्मशानभूमी. पंधरावं कोंडवाडे. ज्यांनी हा क्रम लावला त्यांना आमच्यासारख्यांच्या अर्जांचा प्रवास आधीच दिसला असावा.

त्या बाकावर माझं एक मत मात्र पक्कं झालं. जुनी इमारत टिकते ती तिच्यात रोज कुणीतरी कुलूप उघडून बसतं म्हणून. मोटी दमणच्या पोर्तुगीज किल्ल्यात आपल्या केंद्रशासित प्रदेशाचं सचिवालय आजही भरतं. साहेबाच्या डोक्यावर पाणी गळलं की छप्पर दुरुस्त होतं, त्याला समिती लागत नाही. सिल्वासाचं पिएदाद मातेचं चर्च 1897 पासून उभं आहे, कारण रविवारी तिथे लोक येतात आणि आले की त्यांना भिंतीवरची ओल दिसते. पुण्यातला दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा महापालिकेच्या ताब्यात आला, त्याची डागडुजी झाली, तीही लोकांचा राबता असल्यामुळे रेटून झाली. आमच्या कचेरीत राबता फक्त शेळ्यांचा होता. तिला स्मारक करण्यापेक्षा तिच्यात एखादं टपाल कार्यालय बसवा, असा पुरवणी अर्ज मी देणार होतो. दिला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तेवढ्यात मला आत बोलावलं.

इंजिनिअर तरुण होते, अदबशीर होते. त्यांनी फाइलीवरचं कौल बाजूला उचलून ठेवलं आणि म्हणाले, “काका, वारसा असं माझ्याकडे बजेट हेड नाही. सुशोभीकरण आहे. त्यात बसवतो. सिमेंटचा गिलावा करू, वर टेक्स्चर पेंट, पुढे पेव्हर ब्लॉक, कोपऱ्यात सेल्फी पॉइंट.”

मी खुर्चीत ताठ झालो. काही महिन्यांपूर्वी पुण्याला भाच्याकडे गेलो असताना मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीवर एक व्याख्यान ऐकलं होतं. एक व्याख्यान ऐकलेला माणूस फार धोकादायक. दोन ऐकली की शंका सुरू होतात. मी इंजिनिअरांना सांगितलं की जुनी विटांची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर टाकते. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार विटांतच साचतात, आणि बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या भिंतीचा आतल्या आत भुगा होतो. चुनाच हवा. तोही जुन्या रीतीचा, सुरखी, गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद घातलेला.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. “बरोबर आहे, काका. पण चुना मळणारा माणूस कुठून आणू? दर काय लावू? तुम्ही असं करा, भिंतीवर दोन फुटांचा नमुना करून दाखवा. बसला तर मी वर पाठवतो.”

ही नकाराची सभ्य तऱ्हा होती. मला ती नेमणूक वाटली.

वापीहून कळीचा चुना आणला. दिसायला पांढरी ढेकळं, निरुपद्रवी. घरात कोणी नाही ही वेळ साधून बाथरूममधल्या प्लॅस्टिकच्या बादलीत ढेकळं घातली, बादली पार्किंगमध्ये नेली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. मी आणखी एक तांब्या ओतला. मग बादलीतून चर्र आवाज आला, वाफ निघाली, पांढरे शिंतोडे उडायला लागले आणि ते मिश्रण खदखदा उकळू लागलं. खाली ना गॅस, ना चूल. बादली आधी पोटाशी फुगली, मग एका बाजूने लवली आणि तिने माझ्या डोळ्यांदेखत गुडघे टेकले. वॉचमन धावत आला. त्याने आधी मला मागे ओढलं आणि मग विचारलं, “साब, बॉम्ब है क्या?”

ही बाजारातून आली तेव्हा पार्किंगमध्ये पांढरं तळं होतं.

“चुन्यात पाणी ओतलंत?”

“हो.”

“पाण्यात चुना सोडायचा असतो. थोडा थोडा. लोखंडी पिपात. डोळ्यांना चष्मा लावून. सातवीच्या मुलांनासुद्धा कळतं.” ती थांबली. “आंघोळीची होती ना ती बादली?”

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः एक लोखंडी ड्रम आणवला, शाळेतले जुने चष्मे काढले आणि चुना विरवून दिला. एवढी मदत करून ती म्हणाली की पुढच्या बाबतीत आपल्याला साक्षीदार धरू नये. विरवलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवतात, महिनोन् महिने. जितका जुना तितका लोण्यासारखा मऊ होतो, असं व्याख्यानात सांगितलं होतं. पण मला 22 जुलै गाठायची होती. दादऱ्याच्या मुक्तीचा दिवस सोडून दुसऱ्या मुहूर्तावर नमुना दाखवणं मला शोभेसं वाटेना. चुना मुरला तो जेमतेम काही आठवडे.

सुरखी म्हणजे विटांची पूड. ती कमी भाजलेल्या विटांची करावी लागते. मी गच्चीवर खलबत्ता घेऊन विटा कुटत बसायचो, आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येऊन विचारायच्या, “काका, आ शुं करो छो?” मी सांगायचो, जतन. त्यांच्या घरात काही दिवस मला जतनकाका म्हणत. बेलफळं एका देवळामागून मिळाली. हिरडे मिळाले काष्ठौषधींच्या दुकानात, तिथे दुकानदाराने माझ्याकडे सहानुभूतीने बघून रात्री कोमट पाण्याबरोबर घ्या असंही सांगितलं. उडदाची डाळ घरातलीच भिजवून वाटली. आणि गूळ. जुन्या बांधकामांत हे सगळं घालत, ते खरं आहे. किती घालत, हे मी व्याख्यात्यांना विचारलं नव्हतं. पदार्थांची यादी पाहिली तर डोळ्यांसमोर स्वयंपाकघर येत होतं, आणि आमच्याकडे कोकणात गुळाला कोणी माप लावत नाही. मी सढळ हाताने घातला.

रात्री ड्रमकडे मुंग्या निघाल्या. आधी काळ्या, मग लाल. पार्किंगमधून जिन्यापर्यंत आणि जिन्यातून तळमजल्याच्या फ्लॅटपर्यंत त्यांचं येणंजाणं सुरू झालं. सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली की काही सभासद सार्वजनिक जागेत खाद्यपदार्थ साठवत आहेत. मी खाली पेनाने लिहिलं: खाद्यपदार्थ नव्हे, बांधकाम साहित्य. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याखाली लिहिलं: मग त्याची परवानगी?

22 जुलैला पाऊस होता. आमच्याकडे जुलैत पाऊस असणं ही बातमी नाही. ती मलाच नवी वाटली. इंजिनिअर छत्री घेऊन आले, त्यांच्या मागे दोन कर्मचारी, त्यांच्या मागे टपरीवरचे तिन्ही वडीलधारे, आणि एक वयस्कर वारली गवंडी, जो नुसता बघायला आला होता. मी थापी घेऊन पडवीतल्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट नमुना लावला. गिलावा बसला. गुळगुळीत, किंचित गुलाबी, आणि वासाला थेट श्रावणातल्या स्वयंपाकघराची आठवण. मी छोटंसं भाषण केलं. ‘सांताना’ जहाजापासून सुरुवात केली. मस्कारेन्हास आणि देसाई चौकीच्या दारात पोचेपर्यंत नमुना टिकला, हे मी अभिमानाने नमूद करतो.

इंजिनिअरांनी बोटाने दाबून पाहिलं. बोट आत गेलं. त्यांनी ते बाहेर काढून रुमालाला पुसलं आणि काहीच बोलले नाहीत. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून. भर पावसाळ्यात, ओल्या भिंतीवर, कच्च्या चुन्याने ते काम सकाळी अकरापर्यंत उरकावं ही माझी अपेक्षा होती. (हे मला संध्याकाळी घरी समजावून सांगण्यात आलं. फळ्यावर आकृती काढून.) पण तेवढ्याने भागलं असतं. एक शेळी पुढे आली. तिने नमुन्याला जीभ लावली. थांबली. विचार केला. मग दुसरीकडे पाहिलं, आणि दुसरी आली.

मी हाट हाट करेपर्यंत जतनाचा खालचा निम्मा भाग चाटून संपला होता. टपरीवरचे तिसरे आजोबा, ज्यांना चहाचा प्रश्न पडला होता, ते म्हणाले की शेळीला डाळ-गूळ मिळाला तर ती सोडते थोडीच. वारली गवंडी एवढा हसला की त्याला खांबाला धरावं लागलं. हसू आवरल्यावर त्याने ड्रममधला चुना बोटावर घेऊन चोळून पाहिला आणि म्हणाला, “माल वाईट नाही, शेठ. पण गूळ पाटीला चिमूटभर. आणि हा अजून पोर आहे.”

पोर म्हणजे चुना. मी आधी वेगळं समजलो होतो.

कार्यालयाने माझ्यावर काही कारवाई केली नाही. उलट, कल्पनेपलीकडच्या वेगाने काम केलं. शेळ्यांना चव लागली होती. त्या आता जुना गिलावाही चाटून बघू लागल्या होत्या. सार्वजनिक मालमत्तेची जनावरांकडून हानी, असा शेरा फाइलीवर पडला आणि कचेरीभोवती चारही बाजूंनी लोखंडी कठडा आला, कुलूपवालं फाटक आलं, पाटी आली: येथे जनावरे बांधू नयेत. पैसे कोणत्या हेडमधून आले म्हणून मी हळूच चौकशी केली. कोंडवाड्याच्या. सांस्कृतिक बाबींच्या तेराव्या कामाला जे जमलं नसतं ते पंधराव्याने करून दाखवलं. कुलूप लागल्यामुळे रात्रीची पत्त्यांची मंडळी गेली. फुटलेल्या कौलांच्या जागी निळी ताडपत्री आली, कारण फाइलीला बांधलेलं कौल हा पुरावा असल्यामुळे परत छपरावर चढवता येत नव्हता. पिंपळ मात्र अजून आहे. तो कुठल्या हेडमध्ये घालावा यावर विचार चालू आहे.

पावसाळा सरल्यावर वारली गवंड्याने जोत्यालगतच्या दर्जा भरून दिल्या, ड्रममधल्या वरच्या थराने, चिमूटभर गुळाने. मजुरी मी दिली; ती सेल्फी पॉइंटच्या खर्चाहून खूपच कमी होती, आणि तो सेल्फी पॉइंट शेवटी कठड्याबाहेर झालाच. लोक तिथे कचेरीकडे पाठ करून उभे राहतात. गवंड्याने काम केलेल्या जागी मी मधूनमधून बोट दाबून पाहतो. ते आत जात नाही.

आता प्रश्न उरलाय ड्रमचा. त्यात अजून अर्ध्याहून जास्त चुना पाण्याखाली आहे. गवंड्याने बजावलंय की टाकू नका, दोन वर्षांनी सोनं होईल. सोसायटीने नोटीस दिलीय की ड्रम आठ दिवसांत हलवावा, कारण तो सेक्रेटरींच्या गाडीच्या जागेत चार फूट घुसला आहे. मी उत्तर पाठवलं की प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रित असतात. हा ड्रम एका ऐतिहासिक वास्तूच्या दुरुस्तीचं साहित्य आहे, तेव्हा गाडी जरा लांब लावण्यात यावी. सेक्रेटरी पूर्वी सरकारी नोकरीत होते. त्यांचा उलट टपाली जबाब आला: ड्रमच्या वयाचा दाखला जोडावा.

ड्रमच्या बुडाशी कंपनीचा शिक्का आहे आणि त्यात एक साल आहे. मी ते कागदावर उतरवून घेतलंय. हिनेही पाहिलंय, आणि ती अजून काही बोललेली नाही.